फोटो किती मोठा होईल? आधी डोळ्यांमधले पिक्सेल मोजा

जळगाव असो, धुळं असो की नंदुरबार, फोटो स्टुडिओत आणि फ्लेक्सच्या दुकानात एक मागणी कायम येते. मोबाइलवर लग्नातला ग्रुप फोटो उघडायचा, रांगेतल्या म्हातारीवर बोट ठेवायचं आणि म्हणायचं, "भाऊ, हाऊ फोटो मोठा करी दे, फ्रेम करनी शे." म्हातारी गेलेली असते, गंधमुक्ती (मृत्यूनंतरचा विधी) परवावर आलेली असते आणि घरात दुसरा फोटो नसतो. पाच मिनिटांत ॲपमधून चेहरा चकचकीत करून देता येतो. फ्रेम घरी गेली की थोरली लेक बघते आणि म्हणते, "हाई आमनी माय नही."

फोटो मोठा होतो की नाही, याला सरसकट उत्तर नाही. पण किती इंचापर्यंत होतो, किती लांबून बघितला तर चालतो आणि कुठून पुढे तो त्या माणसाचा फोटो न राहता सॉफ्टवेअरने काढलेलं चित्र होतो, हे मोजून सांगता येतं. मोजायला दोन मिनिटं लागतात.

आधी मोजणी

समजा फोटो व्हॉट्सॲपवरून आलेला आहे, १६०० × १२०० पिक्सेलचा. खांद्याला खांदा लावून बारा माणसं उभी आहेत आणि फोटोची सगळी रुंदी त्यांनीच भरली आहे. माणशी ४५ सेंटीमीटर धरले तर रांग ५.४ मीटरची. म्हणजे एका मीटरला सुमारे ३०० पिक्सेल आले. आता चेहऱ्यावर या. हनुवटीपासून टाळूपर्यंत २३ सेंटीमीटर, म्हणजे जेमतेम ७० पिक्सेल. दोन बाहुल्यांमधलं अंतर मोठ्या माणसात सरासरी ६३ मिलिमीटर, म्हणजे १९ पिक्सेल. बुबुळ पावणेबारा मिलिमीटरचं, साडेतीन पिक्सेल. कपाळावरचं सेंटीमीटरभर कुंकू तीन पिक्सेल, नाकातली फुली दीड. हनुवटीवरच्या गोंदणाचा ठिपका दोन-तीन मिलिमीटरचा, तो एका पिक्सेलातही पुरता बसत नाही. तो फोटोत लपलेला नाही, शेजारच्या कातडीच्या रंगात मिसळून गेलेला आहे. कुठलंही बटण दाबलं तरी तो परत वेगळा निघत नाही.

त्यात फाइल जेपेग. जेपेग चित्राचे ८ × ८ पिक्सेलचे चौकोन पाडतं आणि जागा वाचवायला प्रत्येक चौकोनातला सगळ्यात बारीक तपशील आधी टाकून देतं. रंग तर बहुतेक वेळा निम्म्या रिझोल्यूशननेच ठेवतं, म्हणजे १६ × १६ पिक्सेलच्या जागेला रंगाचा एक चौकोन. या फोटोत पापण्यांसकट अख्खा डोळा नऊ पिक्सेल रुंद आहे. पापणीची कड, बुबुळ आणि डोळ्यातला चमकता ठिपका हे सगळं एक-दोन चौकोनांत उरकलेलं आहे. फोटो मोठा केल्यावर गालावर फरशीसारखे चौकोन दिसतात ते हेच.

चेहऱ्याची उंची मोजू नका. डोक्यावर पदर असतो, टोपी असते, फेटा असतो. डोळ्यांमधलं अंतर मोजा. गिम्पमध्ये मेजर टूल आहे, फोटोशॉपमध्ये रुलर. एका बाहुलीच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत ओढलं की आकडा मिळतो. मान वळलेली असेल तर अंतर कमी भरतं. तेव्हा भुवईपासून वरच्या ओठापर्यंतचं अंतर घ्या, समोरून बघणाऱ्या चेहऱ्यात ते साधारण तेवढंच असतं.

आता दुसरी बाजू, बघणाऱ्याच्या डोळ्याची. निरोगी डोळा साधारण एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, एवढा बारीक फरक ओळखतो. त्यावरून हिशेब सोपा आहे: ३४३८ ला बघण्याच्या अंतराने, इंचात, भागा. येईल तेवढे पिक्सेल दर इंचाला पुरतात. हातात धरून १० इंचांवरून बघितलं तर ३४४, म्हणून छपाईत ३०० ची प्रथा. दोन फुटांवरून १४३, सहा फुटांवरून ४८, पंधरा फुटांवरून १९.

दोन्ही जोडून बघा. ८ × १० इंचांच्या छातीपर्यंतच्या फोटोत डोकं चारेक इंचांचं येतं आणि दोन बाहुल्यांमधलं अंतर १.१ इंच. भिंतीवर सहा फुटांवरून बघायला डोळ्यांमध्ये ५३ पिक्सेल हवेत. आपल्याकडे १९ आहेत. म्हणजे लांबूनसुद्धा फ्रेम भुरकट दिसणार. शिवाय हार घालायला आणि कुंकू लावायला माणूस हातभर अंतरावर येतो. तिथे दीडशेच्या वर लागतात.

आमचा रोजचा ठोकताळा असा: डोळ्यांमध्ये २० पेक्षा कमी असतील तर त्या चेहऱ्याचा स्वतंत्र फोटो करायचा नाही. २० ते ५० असतील तर ४ × ६. पन्नासच्या वर ८ × १० भिंतीसाठी, शंभरच्या वर १२ × १८. यात दुप्पट-तिप्पट वाढवणं गृहीत धरलेलं आहे. गिऱ्हाईक नाराज झालं तरी हा आकडा त्याला स्क्रीनवर दाखवा. साडेतीन पिक्सेलचं बुबुळ ८०० टक्के झूम करून दाखवलं की वाद बहुधा तिथेच मिटतो.

फाइलमधला डीपीआयचा (दर इंचाला किती ठिपके) आकडा ७२ वरून ३०० केला की फोटो सुधारतो, हा समज अजून जिवंत आहे. रिसॅम्पल न करता, म्हणजे पिक्सेल नव्याने न बनवता, तो आकडा बदलला तर एकही पिक्सेल बदलत नाही, फक्त कागदावर किती इंचांत पसरायचं ती सूचना बदलते. तीच गत 'एमबी वाढवून द्या' या मागणीची.

वेळ घालवायचा तो मूळ फोटो शोधण्यात

वरचाच ग्रुप फोटो ज्या मोबाइलने काढला त्यात तो ४००० × ३००० असण्याची शक्यता मोठी. म्हणजे अडीचपट. १९ चे ४७ होतात, बुबुळ साडेतीनचं पावणेनऊ, कुंकू साडेसात. ८ × १० ला भिंतीवर लागणारे ५३ आता हाकेच्या अंतरावर आले. ही अडीचपट खरी आहे, सॉफ्टवेअरची नाही. म्हणून पहिला फोन फोटो काढणाऱ्या भाच्याला लावायचा, मग कॉम्प्युटर सुरू करायचा.

त्याला सांगताना नेमकं सांगा: गॅलरीतून फोटो म्हणून पाठवू नको, 'डॉक्युमेंट' म्हणून पाठव. साध्या पद्धतीने पाठवला की व्हॉट्सॲप लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर आणतं आणि जेपेग पुन्हा दाबून लहान करतं. २०२३ पासून एचडीचा पर्याय आहे, तो बरा, पण त्यातही फाइल पुन्हा दाबली जाते. आलेला फोटो नुसता फॉरवर्ड केल्याने फारसं बिघडत नाही. बिघडतं ते स्टेटसला लावून, तिथून स्क्रीनशॉट काढून, तो कातरून पुन्हा पाठवल्याने. डीपीवरून उचललेला फोटो तर जेमतेम ६४० पिक्सेलचा असतो. भरतीच्या ऑनलाइन फॉर्मसाठी बनवलेला फोटो त्याहून वाईट: बऱ्याच फॉर्मना २०० × २३० पिक्सेल आणि २० ते ५० केबी लागतात. ३०० च्या हिशेबाने तो १७ × १९ मिलिमीटरचा होतो. तो सत्काराच्या बॅनरवर घ्यायचा नाही. ज्या स्टुडिओत पासपोर्ट फोटो काढला तिथली मोठी फाइल मागायची.

मोबाइलच्या आधीचं लग्न असेल तर निगेटिव्ह विचारा. ३५ मिलिमीटर निगेटिव्हची चौकट २४ × ३६ मिलिमीटरची. २४०० डीपीआयला स्कॅन केली की सुमारे २२७० × ३४०० पिक्सेल मिळतात. पोस्टकार्ड साइजच्या प्रिंटमधून एवढा खरा तपशील मिळत नाही. जुन्या स्टुडिओंनी निगेटिव्ह टाकून दिल्या असतील, पण घरात अल्बमच्या मागच्या कप्प्यात किंवा लोखंडी पेटीत लग्नपत्रिकांसोबत पाकीट सापडतं. आधी पेटी उघडायला लावा.

स्कॅन करताना

प्रिंट असेल तर फ्लॅटबेड स्कॅनर, ६०० डीपीआय. पासपोर्ट साइजचा ३५ × ४५ मिलिमीटर फोटो असेल तर १२००. सुमारे १६५० × २१२५ पिक्सेल येतात. त्याहून वर गेल्याने कागदाचे तंतू आणि धूळ मोठी होते, चेहरा नाही. स्कॅनरच्या सॉफ्टवेअरमधलं शार्पनिंग, धूळ काढणं, रंग सुधारणं, सगळं बंद ठेवा. फाइल टिफ प्रकारात ठेवा. फोटो काळा-पांढरा असला तरी स्कॅन रंगीत करा, कारण पिवळे डाग नंतर निळ्या चॅनेलमध्ये वेगळे ओळखू येतात आणि लाल चॅनेल बहुधा स्वच्छ निघतो.

१९८०-९० च्या दशकातल्या बऱ्याच प्रिंटचा कागद खडबडीत, रेशमी पोताचा आहे. स्कॅनरचा दिवा एका बाजूने पडत असल्याने त्या दाण्यांच्या सावल्या चेहऱ्यावर जाळी बनून येतात. उपाय सोपा आहे: एकदा सरळ स्कॅन करा, एकदा फोटो १८० अंश फिरवून. दुसरा स्कॅन कॉम्प्युटरवर उलटा फिरवून पहिल्यावर ठेवा, नीट जुळवा आणि वरच्या थराची अपारदर्शकता ५० टक्के करा. सावल्या उलट दिशांच्या असल्याने बऱ्याचशा एकमेकींना खातात. ही जाळी तशीच ठेवून एआयला फोटो दिला तर तो तिला कातडीच्या सुरकुत्या समजतो.

काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नका. पावसाळ्यातल्या ओलीने प्रिंटवरचं जिलेटिन काचेला धरतं आणि ओढलं की नेमका चेहरा काचेवर राहतो. काचेसकटच कॅमेऱ्याने त्याचा फोटो घ्या: ओट्यावर सावलीत, भर उन्हात नाही, फ्लॅश बंद, कॅमेरा फोटोला समांतर, आणि कॅमेऱ्यामागे काळं कापड धरा म्हणजे काचेत आपलंच प्रतिबिंब येणार नाही. जवळ जाऊन वाइड लेन्सने काढलं तर कडा वाकतात. थोडं मागे जाऊन २एक्स लेन्स वापरा. वर्तमानपत्रातला छापील फोटो असेल तर वेगळी अडचण: तो शाईच्या ठिपक्यांचा असतो, आणि ठिपक्यांच्या मध्ये तपशील नसतोच. डीस्क्रीन लावून ठिपके पुसता येतील, चेहरा त्यापुढे जात नाही.

वाढवणं

क्रम असा: आधी जेपेगचे चौकोन आणि नॉइज (फोटोतले नको असलेले दाणे) कमी करा, मग डाग आणि ओरखडे, मग मोठा करा, आणि धार सगळ्यात शेवटी. क्रम उलटला तर चूकही मोठी होते. एका पिक्सेलचा नॉइज चारपट झाला की तो तांदळाच्या दाण्यासारखा दिसतो आणि मग कुठलंही फिल्टर त्याला नॉइज मानत नाही.

साधं वाढवणं म्हणजे शेजारच्या पिक्सेलांवरून मधला रंग ठरवणं. बायलिनियर चार पिक्सेल बघतं, बायक्युबिक सोळा, लॅंक्झोसचा नेहमीचा प्रकार छत्तीस. हे तिन्ही प्रामाणिक आहेत: नवीन काही घालत नाहीत, फक्त पायऱ्या गुळगुळीत करतात. दर वेळी दहा-दहा टक्के वाढवत नेलं तर जास्त चांगलं येतं, ही जुनी युक्ती सोडून द्या. प्रत्येक फेरीत थोडा तपशील बोथट होतो. एकदाच, थेट हव्या मापाला न्या.

एआयचं काम वेगळं आहे. २०१४ च्या एसआरसीएनएनपासून २०२१ च्या रिअल-ईएसआरगॅनपर्यंतची मॉडेल्स लाखो चित्रांच्या तुकड्यांवरून शिकतात की असा भुरकट तुकडा बहुधा कशाचा असतो, आणि ते 'बहुधा' फोटोत रंगवतात. साडीचा काठ, भिंत, केळीची पानं, दगडी पायऱ्या यांना हे उत्तम चालतं. पान थोडं वेगळं आलं तर कुणाचं बिघडत नाही. चेहऱ्याचं बिघडतं. चेहरा दुरुस्त करणारं जीएफपीगॅन फ्लिकरवरून गोळा केलेल्या ७०,००० चेहऱ्यांच्या संचावर शिकलेलं आहे. त्याच्या लेखी हनुवटीवरचा हिरवट ठिपका म्हणजे डाग, तो पुसायचा. फुली म्हणजे चकाकी, तीही पुसायची. सुरकुत्या कमी, दात सरळ, डोळे मोठे. गोंदण गेलं, फुली गेली, पुढचा पडलेला दात परत आला, आणि मग लेकीने ओळखलं नाही यात नवल काय?

२०२० मध्ये पल्स नावाच्या, फोटो मोठा करणाऱ्या एआय प्रणालीचं उदाहरण जगभर फिरलं. बराक ओबामांचा मुद्दाम अगदी बारीक केलेला फोटो तिला दिला, तर तिने गोऱ्या माणसाचा चेहरा काढून दिला. ध्यानात ठेवायची गोष्ट पुढे आहे: ती प्रणाली असाच चेहरा शोधते जो पुन्हा बारीक केला तर दिलेल्या फोटोशी जुळेल. म्हणजे तो गोरा चेहराही नियमात बसत होता. एका बारीक फोटोला जुळणारे चेहरे असंख्य असतात. त्यातला खरा कुठला, हे फोटोत लिहिलेलं नसतं.

यातून दोन चाचण्या मिळतात. पहिली: एआयचा निकाल मूळ मापावर आणा, मूळ फोटोवर ठेवा आणि थराचा मोड 'डिफरन्स' करा. चेहऱ्यावर उजळ रेघा दिसल्या तर मॉडेलने मूळ रेषा सरकवल्या आहेत, निकाल बाद. सगळं काळं दिसलं तर एवढंच कळतं की उघड चूक नाही. दुसरी चाचणी जास्त कामाची. त्याच रांगेत आजीच्या शेजारी उभा असलेला, आज हयात असलेला आणि चांगला फोटो उपलब्ध असलेला नातेवाईक निवडा. त्याचा चेहरा त्याच सेटिंगने मोठा करा आणि त्याच्या खऱ्या फोटोशेजारी ठेवा. तो ओळखू येत नसेल तर आजीही तशीच बदललेली आहे, फक्त आपल्याला ते ताडून बघता येत नाही.

वापरायचंच असेल तर असं वापरा. अपस्केलसारखं (Upscayl) मोफत सॉफ्टवेअर घ्या, चेहरा सुधारण्याचा पर्याय असेल तर बंद ठेवा. फोटोच्या दोन प्रती करा, एक बायक्युबिकने मोठी केलेली आणि एक एआयची, दोन्ही एकाच मापाच्या. एआयचा थर वर ठेवा. साडी, पार्श्वभूमी, दागिने यांवर ८० टक्के, चेहऱ्यावर मास्क लावून ३० ते ४० टक्के, आणि डोळे-तोंडावर त्याहून कमी. शेवटी पूर्ण चित्रावर एकरंगी नॉइज २ ते ४ टक्के टाका. त्या दाण्यामुळे प्लास्टिकसारखी कातडी मोडते आणि मऊ चेहरा व कडक साडी एकाच फोटोतली वाटतात. दुपटीपर्यंत हे सहसा निभतं. चारपटीला प्रत्येक बोट आणि कान मोजून घ्या; मंगळसूत्राच्या वाट्या कानाला चिकटलेल्या सापडतात.

धार लावणं

धार लावणाऱ्या फिल्टरचं अनशार्प मास्क हे नाव डार्करूममधलं आहे. निगेटिव्हची मुद्दाम धूसर पॉझिटिव्ह प्रत काढून ती निगेटिव्हला जोडून प्रिंट घेत. सॉफ्टवेअर आजही तेच करतं: मूळ चित्रातून धूसर प्रत वजा करतं आणि उरलेला फरक वाढवून परत घालतं. कडेच्या उजळ बाजूला आणखी उजळ, गडद बाजूला आणखी गडद. यात तपशील वाढत नाही, कड आहे तेवढीच असते, फक्त ठळक होते.

रेडियस (कड किती पिक्सेल रुंद ठळक करायची) काढायला छपाईच्या पीपीआयला, म्हणजे दर इंचाच्या पिक्सेलना, २०० ने भागा. ३०० ला दीड, २०० ला एक. अमाउंट ८० ते १२० टक्के, थ्रेशोल्ड ३ ते ५ म्हणजे गालावरचा नॉइज उचलला जात नाही. थराचा मोड 'ल्युमिनॉसिटी' ठेवा, नाहीतर कुंकवाच्या कडेला रंगीत झालर येते. मॅट कागदाला आणि कॅनव्हासला शाई पसरते म्हणून थोडी जास्त धार द्या, चकचकीत कागदाला कमी.

फसतं कुठे ते सांगतो. दुकानात स्क्रीनवर फोटो भुरकट दिसतो म्हणून रेडियस ४-५ वर नेतात. ३०० पीपीआयच्या प्रिंटमध्ये २ पिक्सेलची पांढरी कड ०.१७ मिलिमीटरची असते, दिसत नाही. पण फाइल १०० पीपीआयची आणि रेडियस ४ असेल तर ती कड एक मिलिमीटरची होते. टोपीभोवती खडूने रेघ ओढल्यासारखं दिसतं. शंका आली तर गडद केस आणि उजळ आकाश जिथे भेटतात तिथे १०० टक्क्यांवर बघा. डोळ्याला सवय लावायची असेल तर चाळीसगावात केकी मूस यांचं दालन आहे. टेबलटॉप छायाचित्रणासाठी ओळखले गेलेले मूस (१९१२–१९८९) तिथेच राहत. मोबाइलच्या कॅमेऱ्याने जन्मतः कुरकुरीत केलेले फोटो बघून खरी धार कशी असते हे आपण विसरलोय, आणि मोबाइलच्या स्क्रीनवर ते परत शिकता येत नाही.

जे भुरकट आहे ते का भुरकट आहे

पिक्सेल भरपूर आहेत, पण फोटो हललेला किंवा फोकस चुकलेला, हा वेगळा आजार. यावर डीकन्व्होल्यूशन चालतं. रिचर्डसन-ल्युसी ही १९७२ आणि १९७४ मधली पद्धत रॉथेरपी (RawTherapee) या सॉफ्टवेअरमध्ये मोफत मिळते. धूसरपणा कसा झाला याचा अंदाज घेऊन ती तो उलटा फिरवते. दोन-तीन पिक्सेलचा धूसरपणा आणि कमी नॉइज असेल तर फरक दिसतो. रेडियस ०.७ पासून सुरू करा, डोळ्याभोवती कडी दिसू लागली की थांबा.

त्यापुढे का जात नाही? फोकस चुकला की प्रत्येक बिंदूची चकती होते. काही ठरावीक जाडीच्या रेघांसाठी ती चकती काळं आणि पांढरं नेमकं समान मिसळते, आणि तिथे सपाट करडा उरतो. कमी झालेला फरक वाढवता येतो. शून्य झालेला वाढवला तरी शून्यच, वाढतो तो फक्त नॉइज. हात हलून ३० पिक्सेलची शेपटी आली असेल तर त्या फोटोवर तास घालवू नका, त्याच कार्यक्रमाचा पुढचा-मागचा फोटो मागा. बहुतेक जण एकापाठोपाठ तीन-चार काढतात आणि सगळ्यात बरा हसलेला पाठवतात, सगळ्यात स्पष्ट नाही.

फ्लेक्स

इथे गणित उलट्या बाजूने सोपं आहे. चौकात १० × ८ फुटांचा शुभेच्छा फलक, पंधरा फुटांवरून बघायचा. दर इंचाला १९ पिक्सेल पुरतात, म्हणजे १२० इंचांना सुमारे २३०० पिक्सेल. मोबाइलची मूळ फाइल निवांत चालते. तोच फलक मंडपाच्या दाराशी तीन फुटांवर लावला तर ९५ लागतात, ११,४०० पिक्सेल. म्हणून ऑर्डर घेताना 'कुठे लावणार?' हे मापाइतकंच महत्त्वाचं. नावं आणि मजकूर कोरलड्रॉमध्ये अक्षर म्हणूनच ठेवा, जेपेगमध्ये भाजून मग मोठं करू नका; फोटो थोडा मऊ असला तर खपतो, नावातला काना फुटलेला खपत नाही. आणि फलकावर वीस चेहरे असतील तर प्रत्येक चेहऱ्याचं गणित वेगळं करावं लागतं. मधल्या नेत्याचा फोटो स्टुडिओतला असतो, कडेचे कार्यकर्ते डीपीवरून आलेले. त्या कडेच्यांना छोटंच ठेवा, तेवढ्यात ते बरे दिसतात.

नंबरप्लेट

चोरीची गाडी, सीसीटीव्ही आणि 'एमएच १९ पर्यंत दिसतंय, पुढचं काढून द्या'. एक इंग्रजी अक्षर किंवा अंक ओळखायला किमान ५ × ७ ठिपके लागतात, आणि दोन अक्षरांत एक मोकळी जागा. दहा अक्षरांच्या प्लेटला म्हणजे ६० पिक्सेल, तेही सगळं नीट असेल तर. प्लेट ३० पिक्सेलची असेल तर एका अक्षराला तीनच मिळाले. ३, ८, ६ आणि बी यांच्यात फरक उरत नाही. एआय मात्र त्यातून ठसठशीत ८ काढून देईल, आणि कुणा निरपराध माणसाच्या दारात पोलीस जातील. या कामाला एआय लावायचाच नाही.

लावता येतं ते हे: डीव्हीआरमधून (सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग साठवणारं यंत्र) मूळ व्हिडिओ काढा, मॉनिटरचं मोबाइलवर केलेलं शूटिंग नको. प्लेट साधारण एकाच आकाराची दिसते अशा दहा फ्रेम घ्या, प्रत्येक चौपट करा, प्लेटच्या कोपऱ्यांवर जुळवा आणि सरासरी काढा. दहा फ्रेमनी नॉइज तिपटीहून जास्त घटतो, आणि गाडी प्रत्येक फ्रेममध्ये अर्धा-पाव पिक्सेल सरकलेली असल्याने थोड्या खऱ्या तपशिलाचीही भर पडते. गुगलच्या पिक्सेल ३ मोबाइलने २०१८ मध्ये झूमसाठी हेच तत्त्व वापरलं होतं. पोलिसांना द्यायची ती मूळ फाइल, न छेडलेली; भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाइलची हॅश किंमत, म्हणजे तिचा डिजिटल ठसा, भरायची असते. मोठं केलेलं चित्र सोबत द्या, वेगळ्या नावाने.

पूर्ण प्रिंट काढण्याआधी

१२ × १८ ची प्रिंट थेट काढू नका. अंतिम मापात फक्त चेहरा कातरून ४ × ६ च्या कागदावर काढा. एकावर साधं बायक्युबिक, दुसऱ्यावर एआय मिसळलेलं, मागे पेन्सिलने १ आणि २. घरच्यांना बोलवा, दोन्ही भिंतीला लावा, सहा फुटांवर उभं करा आणि 'कुठला छान?' असं विचारू नका. त्याला उत्तर नेहमी चकचकीतच येतं. 'कुठली आजी वाटते?' असं विचारा, आणि आधी तिच्यासोबत सगळ्यात जास्त वर्षं राहिलेल्या माणसाला. गोंदण कुठे होतं, फुली डाव्या नाकपुडीत की उजव्या, पुढचा दात होता का, हेही त्याच बैठकीत विचारून घ्या. हे हाताने घालायचं ठरलं तर फाइलच्या नावात तसं लिहा: मूळ, वाढवलेला, हाताने दुरुस्त. तीनही प्रती पेनड्राइव्हवर द्या आणि भाच्याकडून आलेली ४००० पिक्सेलची फाइल त्यात आहे ना, ते उघडून बघा.